म्युझिक सर्व्हर घेताय? आवाजाआधी संग्रहाची सोय बघा

कपाट सीडींनी भरलेलं, पण प्लेअर बंद पडलेला. अशी स्थिती असलेल्या रसिकांना दुकानदार हल्ली म्युझिक सर्व्हर सुचवतात. लाखाच्या घरात खर्च करण्याआधी त्याचं काम नेमकं काय, हे समजून घेतलेलं बरं.

सर्व्हर म्हणजे गाणी साठवून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवणारा, मोबाइलवरून चालणारा संगणकच. आकड्यांचं ध्वनीत रूपांतर करतो तो डॅक. काही सर्व्हरमध्ये तो आत असतो, काहींना वेगळा जोडावा लागतो. आवाजातला मोठा फरक स्पीकर आणि खोलीमुळे पडतो, म्हणून सर्व बजेट सर्व्हरवर घालवू नये.

कोणाचं काय?

ऑरेंडर (दक्षिण कोरिया): ‘एन’ मालिकेला डॅक बाहेरून लागतो, ‘ए’ मालिकेत आतच असतो. अ‍ॅप कंपनीचं स्वतःचं.
इनुओस (पोर्तुगाल): झेनिथ एमके ३ मध्ये सीडी घातली की ती आपोआप कॉपी होते. डॅक मात्र वेगळा.
मेल्को (जपान): डेटा साठवणुकीची उपकरणं बनवणाऱ्या बफेलोच्या समूहातली. यूएसबी सीडी ड्राइव्ह जोडून कॉपी करता येते.
रून न्यूक्लियस (अमेरिका): कलाकार आणि अल्बमची माहिती मांडण्यात रून सॉफ्टवेअर सरस, पण त्याचं शुल्क वेगळं भरावं लागतं. २०२३ मध्ये हार्मनने रून विकत घेतलं.

जागा किती लागते?

तासाभराची सीडी सुमारे ६३५ एमबी भरते. फ्लॅक स्वरूपात साधारण निम्मी जागा पुरते, आणि मूळ माहितीतलं काहीही गाळलं जात नाही. म्हणजे हजार सीडींना साडेतीनशे जीबीच्या आसपास. १ टीबी बहुतेकांना भरपूर.

खरी अडचण नावांची

सीडी घातल्यावर सर्व्हर इंटरनेटवरून नावं शोधतो. शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, अभंगांच्या जुन्या सीडींना नावं मिळतातच असं नाही. मिळाली तरी स्पेलिंग निराळं, आणि एकच गायक यादीत तीन ठिकाणी दिसतो. रागाला तर ठरावीक रकानाच नसतो. म्हणून गायक, राग, ताल ही माहिती मोफत मिळणाऱ्या एमपी३टॅगसारख्या प्रोग्रामने थेट फाइलमध्येच भरावी. रूनमध्ये केलेल्या दुरुस्त्या रूनच्याच डेटाबेसमध्ये राहतात, फाइलमध्ये उतरत नाहीत. उद्या दुसरा सर्व्हर घेतला, तर मेहनत पाण्यात.

कॅसेट आणि रेकॉर्ड सर्व्हर कॉपी करत नाही. त्या आधी संगणकावर ध्वनिमुद्रित कराव्या लागतात.

पैसे देण्याआधी

देशात दुरुस्ती कोण करतो, वॉरंटी कोणाची, हे लेखी घ्यावं. वीज वारंवार जात असेल तर यूपीएस हवाच. संग्रहाची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी. सर्व्हर पुन्हा मिळेल. बाजारातून गेलेली सीडी मिळेलच असं नाही.