लाठी, लाटणे आणि लाट

१९७२ साली मुंबईतल्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एका समितीत आल्या आणि थाळ्यांवर लाटणी वाजू लागली. असा कोणताही मोर्चा निघाला की समोर बंदोबस्त असतो आणि बंदोबस्ताच्या हातात लाठी असते. लाठी आणि लाटणे हे दोन शब्द सख्खी भावंडे आहेत असे माझे ठाम मत आहे. त्यांचे एक तिसरे भावंड दिल्लीत उभे आहे, आणि लाठीला माप लावण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी लेखी आज्ञा त्याच्याच अंगावर कोरलेली आहे.

सुरुवात 'यष्टि'पासून करू. संस्कृत यष्टि म्हणजे काठी. शब्दारंभीच्या 'य'चा प्राकृतात 'ज' होतो: यात्रेची जत्रा झाली, यवाचे जव झाले. त्या नियमाने आज पोलिसांच्या हातात 'जाठी' हवी होती. प्राकृतात मात्र 'लट्ठि' आहे. वररुची आणि हेमचंद्र या दोन्ही प्राकृत व्याकरणकारांना हे खटकले असले पाहिजे, कारण दोघांनीही या एका शब्दासाठी वेगळे सूत्र दिले: 'यष्ट्यां लः'. हा 'ल' आला कुठून, यावर भाषापंडित अजून भांडतात. काही म्हणतात, लकुट, लगुड हे काठीचेच दुसरे शब्द, त्यांच्या संगतीने 'य'चा 'ल' झाला. काही म्हणतात, 'लष्टि' असा स्वतंत्र शब्द बोलीत आधीपासून होता आणि यष्टीशी त्याचे नाते फक्त चेहऱ्याचे. मी पहिल्या बाजूचा. माझा साक्षीदार काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. यष्टिमधु ही गोड काडी मराठीत ज्येष्ठमध झाली, म्हणजे 'ज'च्या वाटेने गेली. तिचेच उलटे नाव मधुयष्टि हिंदीत मुलेठी झाले, म्हणजे 'ल'च्या वाटेने गेले. काडी एकच आणि वाटा दोन. त्यासाठी दुसरा मूळ शब्द कल्पायची गरज उरत नाही.

आता लाटणे. इथे माझ्यावर जास्त हल्ला होतो. विरोधक म्हणतात, लाटणे हे पाण्याच्या लाटेवरून आले. पीठ लाटेसारखे पुढे सरकते. शिवाय 'ठ'चा 'ट' कसा झाला? मुट्ठीची मूठच राहिली, कट्ठाची काठीच राहिली. आक्षेप खरा आहे, पण मराठीला महाप्राण सोडण्याची सवय जुनी आहे: हत्थाचा हात झाला, भुक्खेची भूक झाली. खरा पुरावा तेलाच्या घाण्यात आहे. घाण्याच्या उखळात जो जाड लाकडी दांडा फिरतो त्याला आपण लाट म्हणतो. हिंदीत कोल्हूतल्या नेमक्या त्याच दांड्याला 'लाठ' म्हणतात. वस्तू तीच, काम तेच, फरक फक्त 'ठ' आणि 'ट'चा. लाकडाचा दांडा फिरवून दाबायचे ते लाटणे, आणि पोळपाटावरची छोटी लाट तेही लाटणे. पाण्याची लाट वेगळ्या घरची आहे, तिला इथे आणू नये.

तिसरे भावंड म्हणजे अशोकाचा स्तंभ. अशोक स्वतः त्याला शिलास्तंभ म्हणतो, पण उत्तरेत लोक त्याला लाठ किंवा लाट म्हणत आले. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने असे दोन स्तंभ टोपरा आणि मेरठहून दिल्लीला आणले. त्यावर काय लिहिले आहे हे तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हते. ही भीमाच्या हातातली काठी आहे, असे लोक सांगत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली, आणि भीमाच्या काठीवर चौथ्या स्तंभलेखात दोन शब्द निघाले: व्यवहारसमता आणि दंडसमता. लाखो लोकांवर नेमलेल्या रज्जुक नावाच्या अधिकाऱ्यांना उद्देशून ते आहेत. न्यायाची रीत सर्वांना सारखी असावी आणि दंडही सारखा असावा. दंड म्हणजे शिक्षा आणि दंड म्हणजे काठी. काठीवर काठीचे माप कोरलेले मला दुसरीकडे कुठेच सापडलेले नाही.

दंडावरच्या देखरेखीची व्यवस्था मात्र लाटेवर नाही, खडकावर आहे. कलिंगात धौली इथे, जिंकलेल्या प्रजेच्या प्रदेशात, अशोक तोसलीच्या नगर-अधिकाऱ्यांना बजावतो की कोणालाही विनाकारण बंदी किंवा छळ होता कामा नये. हे पाळले जाते का ते पाहायला दर पाच वर्षांनी कठोर नसलेला, चंड नसलेला अधिकारी दौऱ्यावर पाठवीन, असेही सांगतो. उज्जयिनीच्या राजपुत्राने तर तीन वर्षांच्या आतच असा अधिकारी पाठवायचा आहे. बाहेरून येणारा, ठरलेल्या मुदतीने येणारा आणि स्वतः सौम्य असणारा तपासनीस! 'सौम्य लाठीमार' असे आपण बातम्यांत वाचतो तेव्हा मला धौली आठवते. तिथे सौम्य हे विशेषण तपासणाऱ्याला लावले आहे, मारणाऱ्याला नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, लाठीला माप लावण्याचा हा सगळा विचार लंडनहून आला. १७१४चा इंग्रजांचा दंगल कायदा: दंडाधिकाऱ्याने जाहीरनामा वाचायचा, तासभर वाट पाहायची, मग बळ. आपल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ची रचना त्याच घरची होती हे मी मान्य करतो. आधी पांगण्याचा हुकूम, मग बळ. तेच आज नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८ आहे. पण मराठीने तो हुकूम देणाऱ्याला नाव काय दिले? दंडाधिकारी. दोन हजार वर्षांची मधली साखळी मी या एका शब्दावर तोलतो. माझा कयास असा की ज्याच्या हाती दंड, त्याच्यावर दंडाच्या मापाची जबाबदारी, ही समजूत भाषेत टिकून होती. इंग्रजी कलम आले ते तिच्यावर बसले.

पुढचे टप्पे सर्वांना माहीत आहेत. १९३०ला धारासण्यात मिठाच्या सत्याग्रहींवर झालेला लाठीमार. १९७९ची संयुक्त राष्ट्रांची पोलिसांसाठीची आचारसंहिता. १९९०ला हवानात ठरलेली तत्त्वे: हिंसा न करणाऱ्या जमावावर शक्यतो बळ नको, लागलेच तर कमीत कमी, आणि नंतर अहवाल व आढावा. १९९३ला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, २००१ला महाराष्ट्राचा. २०१६ला अनिता ठाकूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोर्चावरच्या अतिरेकी बळाबद्दल भरपाई दिली. पण जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला भरायला सरकारची परवानगी लागते, ती अट नव्या संहितेतही आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चावरच्या लाठीहल्ल्यानंतरच्या चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली, बहुतेक बायका आणि मुले. न्यायमूर्ती दाणी यांचा आयोग घटना घडून गेल्यावर नेमला गेला. धौलीचा अधिकारी घटनेची वाट पाहत नव्हता, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

टोपऱ्याची लाट आज फिरोजशहा कोटल्यात उभी आहे. दर गुरुवारी तिथे माणसे जिन या अदृश्य जीवांच्या नावाने अर्ज घेऊन येतात. अर्जात नाव, पत्ता, तक्रार. सरकारी कचेरीत देतात तशा त्याच्या कितीतरी प्रती काढून भग्न कोठड्यांतून ठेवतात. अभ्यासक आनंद विवेक तनेजा यांना या प्रथेच्या खुणा १९७७पासून, म्हणजे आणीबाणी उठल्यापासून दिसतात. तिथल्या सर्वांत मोठ्या जिनाला लोक 'लाटवाले बाबा' म्हणतात.