तेजी, मंदी आणि १ जुलै १८६५

शेअरबाजारांतील ‘ऑप्शन’ हा शब्द अलीकडे घरोघरीं ऐकूं येतो, आणि ही वस्तु परदेशाहून नुकतीच आली असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः मुंबईच्या बाजारास ती नवी नाहीं. १९५६ च्या कायद्यानें रोख्यांवरील असे व्यवहार बंद केले, तेव्हां त्याच्या व्याख्येंत तेजी, मंदी, तेजीमंदी, गल्ली हे बाजारी शब्द जसेच्या तसे घालावे लागले!

ठरल्या मुदतींत ठरल्या भावानें शेअर घेण्याचा हक्क ती तेजी. विकण्याचा हक्क ती मंदी. हक्क घेणारा कांहीं रक्कम आगाऊ देतो; भाव उलटला तर तेवढीच बुडते. वायद्याचें तसें नाहीं. भाव कितीही फिरो, वायदा करणारास सारा फरक भरावा लागतो. हा भेद न उमगल्यास काय होतें, तें मुंबईनें एकदां पाहिलें आहे.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, दक्षिणेकडील बंदरें अडविलीं गेलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. १८६३ सालीं भोर घाटांतून आगगाडी सुरू झाल्यानें पुण्याकडून मुंबईची वाटही सोपी झाली. मुंबईंत पैशाचा पूर आला. नव्या बँका निघाल्या; समुद्र हटविणाऱ्या कंपन्या निघाल्या; त्यांतील बॅकबे कंपनीच्या शेअरांसाठीं तर झुंबड उडाली. १ जुलै १८६५ रोजीं पुरे करावयाचे असे वायदे मोठ्या प्रमाणावर झाले. बँक ऑफ बॉम्बेसारखी सरकारी भागीदारीची बँकही शेअर तारण घेऊन कर्जें देत होती.

एप्रिल १८६५ मध्यें जनरल ली शरण गेला, आणि कापसाचे भाव कोसळले. जुलैची पहिली तारीख उजाडली तेव्हां बहुतेकांजवळ देण्यास कांहीं नव्हतें. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजाही बुडाला. त्यांच्या देणगींतून उठलेला राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला. तो मात्र अजून उभा आहे.

या अनर्थाचा दोष लोक लोभास देतात. माझ्या मतें तें अर्धेंच उत्तर होय. लोभ दरवर्षीं असतो. त्या वर्षीं प्रत्येकाचें देणें दुसऱ्याच्या देण्यावर टेकलेलें होतें, आणि भाव निम्मा झाल्यास आपण किती देणें लागूं हा हिशेब फार थोड्यांनीं मांडला होता.

१९९५ सालीं बंदी उठली, आणि २००१ च्या जुलैंत शेअरांवरील ऑप्शन रीतसर सुरू झाले. आतां विकणाराकडून बाजार अनामत घेतो, आणि व्यवहार पुरा करण्याची जबाबदारी क्लिअरिंग संस्था घेते. १८६५ सालीं हेंच नव्हतें. परंतु ही तजवीज बाजार वांचविण्यासाठीं आहे, गृहस्थाचा संसार वांचविण्यासाठीं नव्हे. शंभर रुपयांचा शेअर घेणाराजवळ महिन्यानें भाव तितकाच राहिला तरी शेअर असतो. त्याच शंभरांत चार रुपयांच्या पंचवीस तेजी घेणाराजवळ कांहींच उरत नाहीं. तेजी विकणाराचें तर विचारूंच नका. हातीं शेअर नसतां तो चार रुपये मिळवितो, आणि भाव चढेल तितका तोटा पत्करतो. ‘सेबी’नें २०२४ सालीं केलेल्या पाहणींत, आधींच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शन यांत पडलेल्या व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ तोट्यांत गेल्याचें आढळलें, त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.