हायब्रिड क्लास
ऑनलाइन भूमिका-खेळांत मारा, बचाव व उपचार यांपैकी एकाहून अधिक कामे पेलणारा पात्रवर्ग, कबड्डीतल्या अष्टपैलूसारखा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील (२००४) ड्रुइड, पॅलाडिन व शमन ही ठळक उदाहरणे. असा वर्ग माऱ्यातही निव्वळ लढवय्यांच्या तोडीस आला, तर त्या बिचाऱ्यांना गटात कोण घेणार? म्हणून त्याचा मारा मुद्दाम किंचित कमी ठेवला जाई. खेळाडू याला 'हायब्रिड टॅक्स' म्हणत. खरी कटकट साहित्याची. पॅलाडिनला उपचारासाठी बुद्धी लागे, लढाईसाठी ताकद. हे गुण चिलखतातून मिळत, म्हणजे चिलखतांचे दोन संच आणि गच्च भरलेली पिशवी. २००९मध्ये दोन भूमिकांसाठी दोन कौशल्यरचना साठवण्याची सोय झाली, पण चिलखतांचे संच दोनच राहिले. २०१४च्या 'वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर' या विस्तारापासून चिलखताचा मुख्य गुण निवडलेल्या भूमिकेनुसार आपोआप बदलू लागला. अंगठ्या व हार मात्र तेव्हाही वेगळेच जमवावे लागत.