गणित शिकवणाऱ्या यंत्राची परीक्षा

शाळेत परीक्षा होते ती मुलांची. गणित चुकले की मूल नापास. पण ज्या साधनाने ते गणित शिकवले, त्याची परीक्षा कोणी घेतली का, असे आपण सहसा विचारीत नाही. खेड तालुक्यातल्या कुरुळीसारख्या गावात तर हा प्रश्न सहज सुचायला हवा. चाकण पट्ट्यातल्या कारखान्यात तयार झालेला सुटा भाग मापाला लावून पाहिल्याशिवाय कोणी गाडीत बसवीत नाही. मग मोबाईलवर किंवा संगणकावर गणित शिकवणारी आज्ञावली मुलाच्या हाती देताना, ती आधी तपासलेली असावी, ही अपेक्षा काही वावगी नव्हे. अशी तपासणी करतात तरी कशी, आणि आजवर तिच्यातून काय निघाले, ते आज पाहू.

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. १९५६ साली पुणे आकाशवाणीने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसत, शेतीवरचा आणि गावच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. युनेस्कोचे त्याला साहाय्य होते. तपासणीचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि पॉल न्यूरॅथ यांनी ते पाहिले. त्यांनी नुसती मंडळांची गावे पाहिली नाहीत. रेडिओ आहे पण मंडळ नाही, अशी गावे घेतली आणि रेडिओच नाही अशीही घेतली. निष्कर्ष असा निघाला की, मंडळे होती तिथे लोकांची माहिती पुष्कळ वाढली, नुसता रेडिओ होता तिथे त्या मानाने फारच थोडी. पेटी तीच, आवाज तोच. फरक पडला तो ऐकल्यावर चार माणसे बोलत बसली, त्याने.

आता गणिताकडे येऊ. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक सपीझ नावाचे प्राध्यापक होते. १९६५ साली त्यांनी चौथीच्या ४१ मुलांच्या वर्गात टंकलेखन यंत्रासारखे एक यंत्र ठेवले आणि टेलिफोनच्या तारेने ते विद्यापीठातल्या संगणकाला जोडले. यंत्र उदाहरण छापायचे, मूल उत्तर टंकायचे आणि बरोबर की चूक ते लगेच कळायचे. पण असे यंत्र गरीब देशाला कुठून परवडणार? म्हणून १९७४ पासून मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात याच मंडळींनी रेडिओ हाती घेतला. रेडिओवरची व्यक्ती प्रश्न विचारी आणि थांबे. तेवढ्यात सारा वर्ग मोठ्याने उत्तर देई किंवा कागदावर लिही. दर आठवड्याला मुलांची चाचणी होई आणि मुले कुठे अडली ते पाहून पुढचे पाठ सुधारले जात. म्हणजे चाचणी मुलांची, पण सुधारणा पाठात! रेडिओने शिकलेले वर्ग इतर वर्गांपेक्षा गणितात चांगलेच पुढे गेले.

आपल्या जवळचा मोठा प्रयोग झाला तो बडोद्यात. हे शहर मराठी माणसाला परके नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेल्या सयाजीराव महाराजांनी तिथे १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते साऱ्या संस्थानाला लागू केले. त्याच बडोद्यात २००० साली गुजरात सरकारने नगरपालिकेच्या शंभर शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. बहुतेक शाळांत ते नुसतेच पडून राहिले. ही गोष्ट किती ओळखीची आहे, ते शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

मुंबईच्या वस्त्यांमधून वाढलेल्या 'प्रथम' या संस्थेने मग चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ या संगणकांवर आणले. आठवड्याला दोन तास, एका संगणकापुढे दोन मुले, आणि मदतीला संस्थेचे कार्यकर्ते. मुलाला जे जमते त्याप्रमाणे उदाहरण सोपे किंवा अवघड होई. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ ते २००४ या दोन वर्षांत त्याची तपासणी केली.

शेतकरी ती पद्धत लगेच ओळखील. नवे बियाणे आले तर तो ते एका वाफ्यात पेरतो, शेजारच्या वाफ्यात जुनेच पेरतो आणि मग दोन्ही मोजतो. सगळीकडे नवेच पेरले, तर पीक बियाण्याने आले की पावसाने, हे कसे कळणार? मुलांचेही तसेच. वर्षभरात मूल एरवीही थोडे शिकतेच. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा निवडल्या. निम्म्या शाळांत कार्यक्रम दिला, उरलेल्यांत त्या वर्षी दिला नाही, आणि दोन्हीकडे एकच चाचणी घेतली.

निकाल काय लागला? शंभर मुलांची रांग लावली आणि एक मूल बरोबर मधोमध, खालून पन्नासाव्या जागी आहे असे धरले, तर दुसऱ्या वर्षाच्या कार्यक्रमाने ते साधारण अडुसष्टाव्या जागी गेले. हा लाभ मोठाच आहे. पण पुढचेही ऐका. कार्यक्रम संपून वर्ष झाले, तेव्हा त्यातला बराच लाभ ओसरला आणि तेच मूल चौपन्नाव्या जागेच्या आसपास आले. भाषेच्या गुणांत तर फरक पडलाच नव्हता. याच अभ्यासात 'बालसखी'चीही तपासणी झाली होती. वस्तीतली शिकलेली तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसे. तिच्यामुळे झालेली वाढ सरासरीने थोडी कमी होती, पण खर्च संगणकाच्या मानाने कितीतरी कमी होता.

लिंडन यांनी गुजरातेतच 'ज्ञानशाला' संस्थेच्या वर्गांत आणखी एक तपासणी केली. तिथे गणिताची तीच आज्ञावली दोन तऱ्हांनी वापरली गेली. शाळेच्या वेळाबाहेर, शिकवण्याच्या जोडीला वापरली, तिथे मुले पुढे गेली. बाईंच्या शिकवण्याचा वेळ काढून तो संगणकाला दिला, तिथे मुले उलट मागे पडली. साधन तेच, मुले तशीच. बदलले ते फक्त त्याने कोणाची जागा घेतली, एवढेच.

आता कुरुळीच्या पट्ट्यातला वर्ग डोळ्यांसमोर आणा. कारखान्यांच्या कामासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कुटुंबे येतात. मूल वर्षाच्या मध्येच दाखल होते. एकाच बाकावर भागाकार येणारे एक आणि बेरजेत अडणारे दुसरे. प्रत्येकाला त्याच्या पातळीवरचे उदाहरण देणारे साधन इथे खरोखर उपयोगी पडेल. पण चुकीचे साधन आले, तर याच मुलांचे सर्वांत जास्त नुकसान होईल. कारखान्यातला नापास भाग भट्टीत परत टाकता येतो. चौथीचे वाया गेलेले वर्ष मुलाला परत देता येत नाही.

म्हणून गुरुजींनो, बाईंनो, कोणी असे साधन घेऊन आले तर त्याला तीन गोष्टी विचारा. एक, हे कोणत्या मुलांवर तपासले, आणि ज्यांना दिले नाही अशा मुलांशी त्यांची तुलना केली का? दोन, साधन बंद केल्यावर काही महिन्यांनी मुलांना किती येत होते? तीन, हे माझ्या शिकवण्याच्या जोडीला आहे, की माझ्या जागी?

आणि आपल्यापुरती एक तपासणी तुम्ही स्वतःही करू शकता. आधी पाटीवर चाचणी घ्या, महिनाभर साधन वापरा आणि पुन्हा पाटीवरच घ्या. पडद्यावर नको, कारण तिथे चार पर्यायांतून अंदाजाने बोट लागते. ५२ वजा २७ घाला. एखादे मूल ३५ लिहील. पडदा म्हणेल 'चूक', आणि पुढचे उदाहरण देईल. तुम्ही मात्र विचाराल, "बाळ, हे कसं केलंस?" ते सांगेल, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." त्याचे अडते कुठे, ते त्या एका वाक्यात कळते. घरी मोबाईल एकच असेल, तर तो भावाच्या हाती जातो की बहिणीच्या, हेही तपासणीत धरा.

पालकांनीही अधूनमधून मुलाला दुकानातला हिशेब करायला सांगावा. साधन चांगले असेल तर ते तिथे दिसेल. नसेल, तर तेही तिथेच कळेल.