लॅपटॉपची स्क्रीन: ओळीचे आणि बोटांचे माप

लॅपटॉप घ्यायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न इंचांचा विचारला जातो: तेरा, चौदा की साडेपंधरा? हा आकडा म्हणजे स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, म्हणजे कर्ण. कामाचा माणूस कर्णावर काही लिहीत नाही. तो ओळीमागून ओळ लिहितो आणि पानामागून पान वाचतो. सोबत नेता येणाऱ्या संगणकाचा चाळीसेक वर्षांचा इतिहास तपासला तर माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. कामाला टिकणारी स्क्रीन ठरवली ती छापील ओळीच्या लांबीने आणि टंकलेखन करणाऱ्या बोटांमधल्या अंतराने. ही दोन्ही मापे संगणकाहून जुनी आहेत, आणि ज्या यंत्रांनी ती डावलली ती फार दिवस टिकली नाहीत.

सुरुवात १९८१ सालच्या ‘ऑस्बोर्न १’पासून करावी लागते. त्याचे जनक अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैत गेले आणि २००३ साली त्यांचे निधनही तमिळनाडूतच, कोडाईकनालला झाले. आपल्याकडे हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्यांचे यंत्र विमानातल्या आसनाखाली मावेल अशा बेताने बांधलेले होते. वजन सुमारे ११ किलो, किंमत १७९५ डॉलर आणि स्क्रीन अवघी ५ इंची. तिच्यावर एका ओळीत ५२ अक्षरे दिसत. दफ्तरी कामाची ओळ मात्र ८० अक्षरांची होती. १९२८ सालच्या आयबीएमच्या छिद्रपत्रांपासून हा प्रघात पडला होता आणि संगणकाच्या पडद्यांनीही तोच उचलला होता. ऑस्बोर्नवर लांब ओळ वाचायची तर मजकूर डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागे. १९८३ साली बाजारात आलेल्या ‘कॉम्पॅक पोर्टेबल’चे वजन त्याहून जास्त, जवळजवळ १३ किलो होते. पण त्याच्या ९ इंची स्क्रीनवर ८० अक्षरांच्या २५ ओळी मावत, आणि पहिल्याच वर्षात या यंत्राचे ५३ हजार नग खपले. हे यश स्क्रीनचे नसून आयबीएमच्या संगणकावरचे प्रोग्रॅम त्यावर चालत याचे होते, असा आक्षेप कोणी घेईल. मुख्य कारण तेच होते, यात वाद नाही. मात्र खुद्द ऑस्बोर्नच्या कंपनीने पुढचे ‘एक्झिक्युटिव्ह’ मॉडेल काढले ते ७ इंची स्क्रीनचे आणि ८० अक्षरांच्या ओळीचे. ५२ अक्षरांत काम भागत नाही, हे तिनेही मान्य केले होते.

दुसरे माप बोटांचे. टाइपरायटरपासून चालत आलेल्या कीबोर्डवर एका कीच्या मध्यापासून शेजारच्या कीच्या मध्यापर्यंतचे अंतर साधारण १९ मिलिमीटर असते. लॅपटॉपच्या एका रांगेत अशा पंधरा कींची जागा धरली, तर रुंदी २८५ मिलिमीटरच्या आसपास जाते. नव्वदीच्या दशकात रंगीत स्क्रीन फार महाग होती आणि १०.४ इंची स्क्रीनच्या यंत्रात एवढा कीबोर्ड मावत नव्हता. त्यावर आयबीएमचे अभियंते जॉन कॅरिडिस यांनी शोधलेली तोड आजही थक्क करते. १९९५ सालच्या ‘थिंकपॅड ७०१’चा कीबोर्ड दोन तुकड्यांचा होता. झाकण उघडले की ते तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे पसरत आणि यंत्राच्या कडांबाहेर येत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात हे यंत्र जपून ठेवले आहे. लवकरच स्क्रीन रुंद झाल्या आणि या युक्तीची गरज उरली नाही. बोटांना लागणारी रुंदी होती तेवढीच राहिली, यंत्र वाढून तिच्यापर्यंत आले. उलट प्रयोग २००७ साली झाला. असूसच्या ‘ई पीसी’ची स्क्रीन ७ इंची होती आणि कीबोर्डही तेवढाच आक्रसलेला. स्वस्ताईमुळे लोकांनी तो घेतला, पण त्या जातीची यंत्रे एक-दोन वर्षांतच ९ आणि १० इंचांवर सरकली आणि २०१३पर्यंत बाजारातून जवळपास नाहीशी झाली. १६:१० प्रमाणाची १३.३ इंची स्क्रीन २८६ मिलिमीटर रुंद भरते, म्हणजे पूर्ण कीबोर्डाइतकी. तेरा-चौदा इंचांचा वर्ग इतकी वर्षे का टिकला, याचे मोठे कारण मला इथे दिसते.

आता कर्णाच्या आकड्याने ग्राहकाचे नुकसान कसे केले ते पाहू. २००८ ते २०१० या सुमारास लॅपटॉपच्या स्क्रीन टीव्हीच्या १६:९ प्रमाणाकडे वळल्या. पॅनेल बनवणारे कारखाने काचेच्या मोठ्या तावांतून तुकडे कापतात. टीव्ही, मॉनिटर आणि लॅपटॉप एकाच प्रमाणाचे असले की काच कमी वाया जाते आणि माल स्वस्त पडतो. कारण रास्त होते, पण ते कारखान्याचे होते. पूर्वीची ४:३ प्रमाणाची १५ इंची स्क्रीन ३०५ मिलिमीटर रुंद आणि २२९ मिलिमीटर उंच असे. नवी १५.६ इंची स्क्रीन ३४५ मिलिमीटर रुंद आणि १९४ मिलिमीटर उंच. आकडा वाढला, उंची साडेतीन सेंटिमीटरने घटली, आणि गुणाकार करून पाहिला तर एकूण क्षेत्रफळही कमीच भरते. यंत्र रुंद झाल्याने पिशवी मात्र मोठी लागू लागली. जुन्या चांगल्या थिंकपॅडवर उभ्या दिशेने १०५० बिंदू मिळत; पुढे बरीच वर्षे स्वस्त १५.६ इंची लॅपटॉपांवर ते ७६८च मिळाले. मराठीत लिहिणाऱ्याला ही कपात अधिक जाचली. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार शिरोरेघेच्या वर जातात आणि उकार खाली उतरतात. ओळी गिचमिड होऊ द्यायच्या नसतील तर दोन ओळींत अंतर जास्त सोडावे लागते, म्हणजे तेवढ्याच उंचीत ओळी कमी मावतात.

मोठी स्क्रीन लागणाऱ्यांचे म्हणणे मी डावलत नाही. चित्रफितींचे संपादन, मोठे नकाशे, पन्नास रकान्यांचा हिशेब यांना रुंदी हवीच, आणि उतारवयातल्या डोळ्यांना ठळक अक्षर हवे. पण ही गरज बहुधा एका ठरलेल्या टेबलाशी बांधलेली असते. अ‍ॅपलने २००३ साली १७ इंची ‘पॉवरबुक’ काढले, त्याचे वजन तीन किलोंवर होते. या मापाचा लॅपटॉप त्या कंपनीने २०१२ साली बंद केला. दुसऱ्या टोकाचा ११ इंची ‘मॅकबुक एअर’ २०१६ साली गेला आणि १२ इंची ‘मॅकबुक’ २०१९ साली. टेबलावर वेगळा मॉनिटर जोडता येतो, तोही डोळ्यांच्या पातळीवर ठेवून. खांद्यावरचे वजन मात्र रोज वाहावे लागते. शिवाय २०१५ सालच्या डेलच्या ‘एक्सपीएस १३’पासून स्क्रीनभोवतीची चौकट बारीक होत गेली, त्यामुळे आजचा चौदा इंची लॅपटॉप पूर्वीच्या तेरा इंची यंत्राच्या जागेत बसू शकतो. अनेक कंपन्या १६:१० प्रमाणाकडेही परतल्या आहेत.

म्हणून रोज घर आणि कचेरी यांत ये-जा करणाऱ्या, मुख्यतः लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाने १६:१० प्रमाणाची तेरा ते चौदा इंची स्क्रीन घ्यावी. यंत्र हलत नसेल तरच सोळा इंचांचा विचार करावा. दुकानात कर्ण ऐकून थांबू नका. स्क्रीनची उंची आणि चार्जरसकट वजन विचारा, आणि पैसे देण्याआधी त्याच कीबोर्डवर एक पानभर मराठी मजकूर टाइप करून पाहा.