एचआयव्ही मेंदूत शिरतो कसा?

एचआयव्ही शरीराची प्रतिकारशक्ती पोखरतो, हे सर्वज्ञात आहे. लागण झाल्यावर अवघ्या काही आठवड्यांत तो मेंदूतही पोहोचू शकतो, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

रक्तातील घातक द्रव्ये मेंदूत जाऊ नयेत म्हणून तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जखडलेल्या असतात. हा अडसर सुट्या विषाणूला सहजी ओलांडता येत नाही. मोनोसाइट व टी-पेशी या पांढऱ्या पेशींना मात्र पहाऱ्यासाठी आत जाण्याची मुभा असते. वऱ्हाडात मिसळून चोराने मांडवात शिरावे, तसा विषाणू बाधित पेशींबरोबर आत येतो.

तेथे त्याचे भक्ष्य ठरतात त्या मेंदूच्या रक्षक पेशीच, म्हणजे मायक्रोग्लिया आणि रक्तवाहिन्यांलगतच्या मॅक्रोफेज. त्यांच्या पृष्ठभागावरील सीडी-४ व सीसीआर-५ या प्रथिनांना विषाणूचे जीपी-१२० हे प्रथिन चिकटते आणि विषाणूला पेशीत वाट मिळते. मग त्याच्या आरएनएपासून डीएनए तयार होऊन ते पेशीच्या गुणसूत्रात कायमचे जोडले जाते. मायक्रोग्लिया वर्षानुवर्षे जगतात. सर्वच औषधे मेंदूत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. त्यामुळे रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तरी येथे तो दडून राहू शकतो.

स्मृती व विचार ज्यांच्यावर अवलंबून, त्या चेतापेशींवर सीडी-४ नसते आणि विषाणू त्यांना सहसा बाधित करत नाही. तरीही बळी त्यांचाच जातो! बाधित पेशींतून पाझरणारी जीपी-१२० व टॅट ही प्रथिने, दाह वाढविणारी द्रव्ये आणि अतिरिक्त ग्लुटामेट यांनी त्या जायबंदी होतात. ॲस्ट्रोसाइट पेशींना खरोखर लागण होते काय, यावर तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

भारतात प्रामुख्याने विषाणूचा 'सी' उपप्रकार आढळतो. त्याच्या टॅट प्रथिनात एका ठिकाणी सिस्टीनऐवजी सेरीन हे अमिनो आम्ल असते व त्यामुळे तो मोनोसाइटना कमी आकर्षित करतो, असे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखविले. यावरून निर्धास्त होण्याचे कारण नाही. बंगळूरच्याच निम्हान्स संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उपचार सुरू न झालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत सौम्य ते मध्यम बौद्धिक उणिवा आढळल्या. तीव्र कोणालाही नव्हत्या.

अशा उणिवा मोजणार कशा? परदेशी चाचण्यांचे निकष मराठी माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह मराठी व हिंदी दोन्ही भाषा जाणणाऱ्यांवर अशा चाचण्या केल्या. भाषा व शिक्षण यांचाही गुणांवर परिणाम होतो, हे त्यांच्या २०१२ च्या निबंधावरून दिसते.

जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावी रुग्णाचा विसरभोळेपणा 'वयाचा दोष' म्हणून सोडून देणे सोपे असते. परंतु विसरणारा माणूस गोळ्याही विसरतो. गोळ्या चुकल्या की विषाणू पुन्हा बळावतो आणि मेंदूची हानी वाढते. अशा वेळी क्षयजन्य किंवा बुरशीजन्य मेंदूज्वर, टोक्सोप्लाज्मा, नैराश्य व बी-१२ ची कमतरता आहे काय, हे डॉक्टरांना आधी तपासावे लागते. कारण यांवर स्वतंत्र उपचार आहेत.