तोफखान्याच्या रडारपासून खोडदपर्यंत

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडदला उभ्या असलेल्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. या दुर्बिणीची वंशावळ शोधत मागे जाऊ लागलो, की आपण वेधशाळांऐवजी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानविरोधी तोफांच्या तळांवर येऊन पोहोचतो. त्याआधीचे पूर्वज आहेत, पण एकाकी. १९३३ साली कार्ल जान्स्की या अमेरिकी अभियंत्याने आकाशगंगेतून रेडिओलहरी येत असल्याचे जाहीर केले. १९३७ साली ग्रोट रीबरने इलिनॉयमधल्या आपल्या घराच्या आवारात स्वतःच्या खर्चाने तबकडी उभारली. खगोलशास्त्रज्ञांनी मात्र या दोघांकडे फारसे लक्ष दिले नाही. रेडिओ-खगोलशास्त्राला मनुष्यबळ आणि यंत्रसामग्री मिळाली ती युद्धामुळे.

आता आपण १९४२ च्या फेब्रुवारीत, इंग्लंडच्या किनाऱ्यावर येऊ. १२ तारखेला जर्मनीची ‘शार्नहॉर्स्ट’ आणि ‘ग्नायझनाउ’ ही बलाढ्य जहाजे भर दिवसा इंग्लिश खाडीतून निसटली. जर्मनांनी ब्रिटिश रडारवर गोंगाटाचा मारा करून त्यांची वाट झाकली होती. या नामुष्कीनंतर लष्कराच्या रडारमधल्या अशा अडथळ्यांचा छडा लावण्याचे काम जेम्स स्टॅन्ली हे (Hey) या शास्त्रज्ञाकडे आले. पंधरवड्यातच, २७ आणि २८ फेब्रुवारीला, तोफांना नेम देणाऱ्या अनेक रडारकेंद्रांवरून तक्रारी आल्या: प्रचंड गोंगाट, आणि शत्रूच्या विमानाचा मागमूस नाही. हे यांनी दिशा ताडून पाहिल्या. गोंगाटाचा उगम सूर्याबरोबर सरकत होता. ग्रीनिच वेधशाळेकडे चौकशी केली, तेव्हा सूर्यबिंबाच्या मध्याजवळ एक मोठा सौरडाग आल्याचे कळले. शत्रूचा अडथळा शोधायला निघालेल्या माणसाला सूर्याचा रेडिओ-आवाज सापडला होता. युद्धकाळात ही गोष्ट गुप्त राहिली. ती उघडपणे छापली गेली १९४६ साली.

१९४४ मध्ये जर्मन व्ही-२ अग्निबाण लंडनवर कोसळू लागले, तेव्हा हीच रडार तोंड वर करून त्यांच्या मागावर बसवली गेली. पडद्यावर क्षणभर चमकून जाणारे प्रतिध्वनी दिसत, पण त्यांतल्या पुष्कळांमागून अग्निबाण येतच नसे. ते प्रतिध्वनी होते उल्कांच्या वाटांचे. युद्ध संपल्यावर जेम्स हे आणि त्यांचे सहकारी त्याच यंत्रांवर दिवसाउजेडी होणारे, डोळ्यांना न दिसणारे उल्कावर्षाव नोंदवू लागले.

शांततेच्या पहिल्याच हिवाळ्यात या कथेला मोठे वळण मिळाले. युद्धात विमानांसाठी रडार बनवलेले बर्नार्ड लव्हेल मँचेस्टर विद्यापीठात परतले आणि त्यांनी हे यांच्याकडून तोफखान्याचे एक रडार मागून घेतले. शहरातल्या ट्रामगाड्यांच्या विद्युत-गोंगाटात ते निरुपयोगी ठरले, म्हणून डिसेंबर १९४५ मध्ये ते जोड्रेल बँक इथल्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्रावर नेले. तिथेच १९५७ साली ७६ मीटर व्यासाची दुर्बीण उभी राहिली आणि ती कलती करणाऱ्या यंत्रणेत ‘रॉयल सॉव्हरिन’ आणि ‘रिव्हेंज’ या मोडीत निघालेल्या युद्धनौकांच्या तोफांचे दंतचक्र-भाग बसवले गेले. केंब्रिजमध्ये मार्टिन राइल यांनी, ज्यांचे युद्धकाळातले काम शत्रूचे रडार निकामी करण्याचे होते, जर्मनांकडून हस्तगत केलेल्या वुर्झबुर्ग रडारच्या तबकड्या आकाशाकडे वळवल्या. हॉलंडमध्ये कोटवाइक इथे जर्मनांनी मागे टाकलेल्या तशाच तबकडीने १९५१ साली आकाशगंगेतल्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर पकडली.

ही वंशावळ भारतात येते ती ऑस्ट्रेलियामार्गे. सिडनीतल्या युद्धकालीन रडार प्रयोगशाळेने शांतताकाळात आपला संच मोडू न देता तो सूर्य आणि तारे यांच्या अभ्यासाला लावला. १९५३ साली भारतीय शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप तिथे शिकायला गेले. सिडनीतल्या पॉट्स हिल इथे त्याच प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ क्रिस्टियनसन यांनी सहा फुटी ३२ तबकड्यांची रांग उभारली होती. तिचे काम संपून ती मोडीत निघणार असे दिसताच स्वरूप यांनी ती भारतासाठी मागितली आणि ऑस्ट्रेलियाने ती भेट दिली. होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६३ साली ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९६५ मध्ये त्या तबकड्या मुंबईजवळ कल्याणला सूर्य पाहू लागल्या. पुढे १९७० साली उटीची ५३० मीटर लांब दुर्बीण झाली आणि १९९० च्या दशकात खोडदची: तीस तबकड्या, चौदा मध्यभागी, सोळा तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात.

या प्रवासात प्रश्न मात्र उलटा झाला. हे यांना शत्रूचा गोंगाट शोधायचा होता, वाटेत आकाश सापडले. आजच्या खगोलशास्त्रज्ञांना आकाश हवे असते आणि वाटेत मोबाइल मनोरे नि वीजवाहिन्यांचा गोंगाट ओळखून बाजूला काढावा लागतो. कौशल्य तेच. २०२३ साली गुरुत्वीय लहरींच्या विश्वव्यापी पार्श्वभूमीचे पुरावे जगापुढे आले, त्यात खोडदच्या नोंदींचाही वाटा होता. युद्धानंतर यंत्रे आपोआप शांततेच्या कामाला लागत नाहीत. कुणीतरी ती भंगारात जाण्याआधी मागावी लागतात, कुणीतरी ती द्यावी लागतात, आणि गोंगाटावर शंका घ्यायला शिकलेली माणसे एकत्र टिकवावी लागतात. खोडदची दुर्बीण ही अशा मागणाऱ्यांची, देणाऱ्यांची आणि टिकून राहिलेल्यांची कमाई आहे.